महिला सहभाग : आठ

(पाथर्डी तालुक्यातली एक वस्ती. शेततळ्याचा बांध. भाद्रपदातली सकाळ, आभाळ भरून आलेलं. मत्स्यपालन योजनेची प्रशिक्षक देवश्री, तळं सांभाळणाऱ्या लंकाबाई आणि त्यांचा दीर भीमा.)

देवश्री : सही करा ना लंकाबाई. दुपारपर्यंत हा अहवाल नगरला पोचवायचाय मला.

लंकाबाई : पोचवा की. पर आधी मला वाचून दावा, काय लिव्हलंय त्यात.

देवश्री : नेहमीचंच आहे. मासे किती मेले, कधी मेले, कशाने मेले.

लंकाबाई : कशानं, तेवढंच वाचा.

देवश्री : "लाभार्थी महिलेने प्रशिक्षण घेऊनही निष्काळजीपणे अतिरिक्त खाद्य टाकल्यामुळे मरतूक झाली."

लंकाबाई : निष्काळजीपना? माझा?

भीमा : वहिनी, करून टाका सही. म्याडमला टाइम न्हाई. झालं ते झालं.

लंकाबाई : तुमी गप बसा, भावजी. तळ्यात निम्मा वाटा हाय तुमचा. मासं गेलं की सगळं पानी तुमच्या डाळिंबाला, आन् तुमचा भाऊ आन् मी परत कोयता घिऊन कारखान्याला. लई सोप्पं हाय की!

देवश्री : कारखान्याला म्हणजे ऊसतोडीला?

लंकाबाई : मंग काय फिरायला? एकवीस वर्सं गेले मी नवऱ्यासंगं. ज्ञानेश्वरी माझी खोपीत जलमली. आज धाव्वीला हाय पोरगी, आन् दर साल पाच-पाच म्हयनं तिला दुसऱ्याच्या दारात ठिवून जाते. अवंदा पयल्यांदा म्हनले, न्हाई जायाचं, घरी मासं हायती. आता मला सांगा, ह्या कागदावर मी सही केली तर परत मासळीचं बीज मिळंल का मला?

देवश्री : निष्काळजीपणाचा शेरा बसला, तर... नाही. नाही मिळत.

लंकाबाई : आन् तरी मलाच म्हंता, सही करा! दसरा झाला की मुकादमाची गाडी येती. ह्या कागदानं तुमीच मला त्या गाडीत बशिवताय, म्याडम.

देवश्री : असं रागावून कसं चालेल? खाद्य जास्त पडलं, हे तर खरं आहे ना?

लंकाबाई : व्हय, खरं हाय. मीच टाकलं, खोटं कशाला बोलू? मागल्या हप्त्यात तीन दिस असंच आभाळ हुतं. तिसऱ्या दिशी सकाळी येऊन बघते तर समदं मासं वर. तोंडं पान्याभायेर काढून आ करत्यात. माझ्या जिवाला कसंतरीच झालं. म्हनलं, उपाशी हायती लेकरं. म्हनलं, थांबा रं, आनते. आन् दुप्पट पेंड टाकली. दुसऱ्या दिशी उजाडताना तळं पांढरं झालं हुतं. नुसती पोटं वर.

देवश्री : अहो, नेमकं हेच करायचं नसतं! मी प्रशिक्षणात सांगितलं होतं हे. स्पष्ट. दोनदा.

लंकाबाई : कुनाला?

देवश्री : सगळ्यांना. तुमच्याच अंगणात मांडव होता. चाळीस जण होते.

लंकाबाई : आन् मी कुठं हुते?

देवश्री : तुमची सही आहे यादीत.

लंकाबाई : यादीचं ऱ्हाऊ द्या. मी कुठं हुते?

भीमा : अवो वहिनी, सैपाकाला हुत्या की तुमी!

लंकाबाई : बघा, ह्यांच्या तोंडूनच निघालं. चाळीस मानसांचा सैपाक. गटातल्या आमी आठजनी, आठींच्याबी तळ्यात मासं. आमी पहाटं चारला चुली पेटिवल्या.

देवश्री : जेवणाचं काम तुमच्या बचत गटालाच द्या, असं वरून आलं होतं. तेवढीच महिलांना संधी म्हणून.

लंकाबाई : संधी! काय बाई शब्द काढलाय! खाद्य आमी टाकतो, जाळी आमी धुतो, बगळं आमी हाकलतो. आन् शिकाय बसलं कोन? सरपंचाची मानसं, आन् हे आमचे भावजी. ज्यांच्या अंगाला कधी मासळीचा वास लागला न्हाई ते खुर्चीवर, आन् आमी मांडवाच्या मागं धुरात. वीस पावलांवर, म्याडम. तुमचा आवाज येत हुता, पर भाकरी थापायच्या आवाजात शबूद कळत न्हवता.

देवश्री : पण फोटोत तर आहात तुम्ही सगळ्या.

लंकाबाई : हाय की. तुमीच मोबाईलवर धाडला. ह्यो बघा. नीट बघा. माझ्या हाताला काय लागलंय?

देवश्री : ...पीठ.

लंकाबाई : पीठ! तुमीच हाक मारली, ताई, या पटकन, फोटोत महिला पायजेत. आलो पळत. माझी तव्यावरची भाकरी जळली. फोटू झाला, सह्या झाल्या, परत चुलीम्होरं. आता वाचा, त्या दिवसाबद्दल काय लिव्हलंय तुमी.

देवश्री : "महिला सहभाग : आठ."

लंकाबाई : वा! लई ग्वाड!

देवश्री : घडीपत्रिका दिली होती ना प्रत्येकीला? त्यात सगळं आहे.

लंकाबाई : दिली हुती. ज्ञानेश्वरीनं वाचून दावली. 'विद्राव्य प्राणवायूची पातळी राखावी.' आमी म्हनलं, औशीद आसंल. पाथर्डीला गेल्ते दुकानात, इद्राव्य हाय का म्हनून. त्यो म्हनला, संपलंय, सोमवारी या.

भीमा : हॅ हॅ हॅ! आन् सोमवारी गेल्ता का परत?

लंकाबाई : गेल्ते! हसताय काय? जिवाला लागलं हुतं म्हनून गेल्ते, एसटीला लोंबकळत.

देवश्री : हसू नका हो, भीमाभाऊ. आणि लंकाबाई, माझंही ऐका जरा. मला एकटीला तीन तालुके आहेत. सकाळी एका गावात चाळीस डोकी बसवायची, फोटो टाकायचा, दुपारी दुसरं गाव. पत्रिका वरून छापून येते, माझ्या हातात नाही ती. त्यातला शब्द मलासुद्धा तुमच्यासमोर वाचायला लाज वाटते. वरच्यांवर चिडायची सोय नाही मला. तुमच्यावर चिडता येतं, म्हणून लिहून टाकला तो शेरा.

लंकाबाई : हे खरं बोलला. आता आनिक एक खरं सांगा. माझ्या बोलीत सांगा. मासं वर कशापायी आलं हुतं?

देवश्री : पाण्यात हवा उरली नव्हती. ऊन नसलं की पाण्यातली हवा घटत जाते, पहाटे तर सगळ्यात कमी. मग मासा वर येऊन तोंड उघडतो. श्वास घ्यायला.

लंकाबाई : म्हंजी... गुदमरत हुतं ते?

देवश्री : हो. आणि जास्तीची पेंड पाण्यात कुजते. होती नव्हती ती हवाही ती खाऊन टाकते.

लंकाबाई : आरं देवा. आन् मी म्हनले, थांबा, आनते.

देवश्री : तुम्हाला माहीत नव्हतं, लंकाबाई.

लंकाबाई : मंग काय कराया पायजे हुतं?

देवश्री : खाद्य बंद. शेणखत बंद. आणि मोटार चालू करून पाइपाचं तोंड उंच धरून पाणी परत तळ्यातच सोडायचं. वरून पडलं की पाण्यात हवा मिसळते. दोन-तीन तास केलं असतं तरी बरेच वाचले असते.

लंकाबाई : मोटार?

देवश्री : हो. साधी पाण्याची मोटार.

लंकाबाई : मोटार तर चालू हुती. दोन्ही दिशी सकाळी चालू हुती. भावजी, तुमी लावली हुती. डाळिंबाला.

भीमा : लाइट तवाच असती, वहिनी. मी काय...

लंकाबाई : आन् मांडवात पयल्या रांगंत बसला हुता तुमी. सर्टिफिकीट भिताडाला टांगलंय.

भीमा : आता एवढं कुठं ध्यानात ऱ्हातंय मानसाच्या?

देवश्री : भीमाभाऊ, तुम्ही तर प्रश्न विचारला होता मला. मोटार किती तास लावायची म्हणून. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या तुमच्यासाठी.

लंकाबाई : टाळ्या! आन् त्या सकाळी माझ्या हातात पेंडीचं टोपलं बघितलं तुमी. उभं ऱ्हाऊन हसला. म्हनला, वहिनी, लई लाड चाललेत माशांचे. म्हनला का न्हाई?

भीमा : म्हनलो. पर म्हनलं, बाईमानसाच्या कामात आपन कशाला बोला? दोन-चार मरतील, तुमचाच नाद सुटंल आपसूक. सगळंच मरतील असं वाटलं न्हवतं, आईशप्पत.

लंकाबाई : नाद! आवो, पोटच्या पोरीला घरी ठिवायला मिळावं म्हनून चाललं हुतं माझं, आन् तुमी त्याला नाद म्हंता? तुमच्या भावाचं गुडघं गेलेत उसात, ते दिसत न्हाई व्हय तुमाला? एक शबूद बोलायचा हुता. एक शबूद!

देवश्री : द्या तो कागद इकडे.

भीमा : म्याडम, आवो, खोडताय कशाला?

देवश्री : मीच लिहिलं होतं, मीच खोडते. नवीन लिहिते, ऐका. "तळी सांभाळणाऱ्या आठ महिलांना प्रशिक्षण दिलेले नाही. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकास लावले होते. ही चूक प्रशिक्षण देणाऱ्यांची आहे. बीज पुन्हा द्यावे."

भीमा : हे तुमच्यावरच उलटंल की!

देवश्री : उलटू दे. आधी माझी सही करते. बीज मिळेलच असं वचन नाही देत, लंकाबाई. पण तुमच्या नावावर डाग राहणार नाही. या, इथे करा सही.

लंकाबाई : सही करते मागनं. ह्या खेपंला आज चवथा दिस हाय ना आभाळाचा?

देवश्री : चौथा. का?

लंकाबाई : पलीकडच्या वस्तीला बनुबाईचं तळं हाय. त्या दिशी चुलीम्होरं माझ्या शेजारीच बसली हुती ती, तिला तरी कोन सांगनार? भावजी, लावा फोन. बघताय काय, लावा!

भीमा : लावतोय की. हं, वाजतोय. घ्या.

लंकाबाई : बनुबाई? लंका बोलते. कुठं हायेस? ...तळ्यावर? आन् मासं? ...वर आलेत? ...आगं, टोपलं खाली ठिव. खाली ठिव आधी. भूक न्हाई गं लागलेली त्यास्नी.