रिबकाबाईंच्या डब्यातला हिराबोळ

मंडळी, ऐका! एक विचारतो. मन दुखावलेल्या माणसानं बोलावण्याची वाट बघत बसायचं, की आपणच उठून निघायचं? नका बोलू. आधी रिबकाबाईंचं ऐका.

त्याआधी गंधरसाचं सांगतो. ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांनी, मागी लोकांनी, बाळ येशूला सोनं दिलं, ऊद दिला, गंधरस दिला. गंधरस म्हटलं की आपण डोळे मिटतो – केवढा पवित्र शब्द! अहो, काष्ठौषधीच्या दुकानात त्यालाच हिराबोळ म्हणतात. तिथं मात्र नाक मुरडतो! अरबांनी त्याचं नाव ठेवलं मुर्र, म्हणजे कडू. काटेरी झाड, सालीला चीर दिली की थेंब गळतो, वाळून खडा होतो. प्रभूला कबरेत ठेवताना हाच लावला, आणि आपल्याकडं आई हाच गुळात घालून बाळंतीण लेकीला भरवते.

तर रिबकाबाई. नवरा देवाघरी गेलेला, एकुलती एक लेक करुणा. तिनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं. बाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मला तोंड दाखवू नकोस." लेक गेली ती गेलीच.

पुढं बाजारात कळलं, करुणाला मुलगी झाली. बाई तशाच दुकानात गेल्या, हिराबोळ घेतला, घरी आणून डब्यात ठेवला. आणि बसल्या! का? तर बोलावणं नाही! अहो बाई, तोंड दाखवू नको म्हणालं कोण? पण हे त्यांना कोण सांगणार? घरात दुसरं माणूस नव्हतं. एका भाकरीपुरतं पीठ मळायचं, जेवायचं, डबा उघडून वास घ्यायचा, झाकण लावायचं. फार एकट्या पडल्या होत्या हो. तिकडं नात रांगली, चालली, बोलायला लागली.

अशाच एका नाताळात देवळात मागी लोकांचा अध्याय वाचला. बाई नेहमीच्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. एकदम मनात आलं, या लोकांना बोलावलं होतं कुणी? मरियेनं निरोप धाडला होता? नाही! कडू वस्तू घेऊन परक्या दारात गेले. आपलं तर लेकीचं दार. बाई शेवटच्या गीताला थांबल्या नाहीत. घरी जाऊन डबा पदराखाली घेतला आणि लेकीच्या गावची एस.टी. धरली.

दार करुणानंच उघडलं. बाईंनी डबा पुढं केला. करुणानं झाकण काढलं, वास ओळखला, आणि हळूच म्हणाली, "आई, बाळंतपणात दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची आई बोळ भरवायची. मी भिंतीकडं तोंड करून पडायची."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "आता काय उपयोग याचा?"

"असू दे. भरव."

करुणानं गूळ आणला. बाईंनी कणभर बोळ त्यात दाबला आणि एवढ्या मोठ्या लेकीच्या तोंडात घातला. दोघी रडल्या. तेवढ्यात आतून नात आली, बाईंकडं बघत राहिली आणि विचारलं, "आई, ही कोण?"

मंडळी, सख्ख्या नातीनं विचारलं, ही कोण! बोळ उशिरा का होईना, पोचला. पण नातीचं रांगणं बाईंना आता कोण दाखवणार?

तुमच्या घरात आहे का असा डबा? मान खाली घालू नका, मला सगळ्यांची तोंडं दिसताहेत! बोलावणं येणार नाही. तिकडचा माणूसही भिंतीकडं तोंड करून पडलाय. आज घरी गेलात की चप्पल काढू नका. डबा घ्या, आणि तसेच निघा.