लाल म्हणजे भिंत

बाई: शिट्टी परत पाठवलीत, टोपी नाही पाठवलीत.

बहीण: टोपी तो डोक्यावरून काढत नाही म्हणून. नाहीतर तीही पाठवली असती. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो.

बाई: मी उभीच बरी. सवय आहे.

बहीण: आहेच की सवय. पन्नास मिनिटं, भर उन्हात.

बाई: त्याबद्दलच बोलायला आलेय, ताई.

बहीण: बोलण्यासारखं काय राहिलंय? अकरा माणसं. सगळी तिशी-चाळिशीची, अंगानं मोठी, पण नवीन गोष्ट डोक्यात शिरायला चार वेळा सांगावी लागणारी. चौकात ओळीनं उभी. चालणाऱ्यांचा दिवा बिघडलेला, लालचा लालच. सगळी दुनिया रस्ता ओलांडतेय आणि आमचा बाबू पुतळ्यासारखा उभा. त्याच्यामागे दहा जण. आणि सगळ्यांच्या मागे तुम्ही, तोंडाला कुलूप लावून!

बाई: चालण्याच्या गटाचा नियमच तो आहे. ज्याच्या गळ्यात शिट्टी तो पुढे. कुठून जायचं, कुठे थांबायचं, सगळं तो ठरवणार. त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. मी शेपूट. कोणाच्या जिवावर बेतलं तरच शेपटानं बोलायचं.

बहीण: हा नियम काढला कोणी?

बाई: त्यांनीच. पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, तुम्हाला काय काय नकोय? अकराही जणांनी एकच सांगितलं. मागून कोणी सूचना द्यायला नको.

बहीण: वा! आणि गुडघेवाल्या मावशी शेवटी फुटपाथवर फतकल मारून बसल्या, त्याचं काय?

बाई: बसल्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. ती चूक माझी, आणि ती मान्य करायलाच आलेय. पण एक सांगू? पन्नास मिनिटांनी त्यानं स्वतःच सगळ्यांना वळवलं. म्हणाला, आज तळं नाही, आज घर. कोणी कुरकुरलं नाही. त्याची काही चूक नव्हती.

बहीण: त्याची होती असं मी कुठे म्हणतेय? चूक असली तर माझी.

बाई: तुमची कशी?

बहीण: तो बारा वर्षांचा, मी सोळाची. असाच रस्ता होता. केसातली पिन निसटली म्हणून मी त्याचा हात सोडला. एवढासा वेळ. टेम्पोनं उडवला त्याला. तीन महिने पाय प्लॅस्टरमध्ये. घरी आणल्यावर रोज संध्याकाळी एकच धडा घोटून घेतला मी. लाल म्हणजे भिंत. भिंतीतून कोणी जातं का? कोणी हसलं, कोणी ढकललं, तरी भिंत ती भिंत. तेवीस वर्षं झाली. एकदा चुकला नाही.

बाई: म्हणजे त्या दिवशी तुम्हीच उभ्या होता तिथे.

बहीण: बरं बोलता तुम्ही. पण मी तिथे नव्हते ना! मी इथे होते. परवा एक गिऱ्हाईक आलं होतं, फिटिंगला. मी तोंडात पिना धरून बाही लावतेय, आणि तिनं मोबाईल पुढे केला. म्हणाली, बघा हो, काय एकेक नमुने असतात. कोणीतरी व्हिडिओ काढला होता चौकातला. खाली लिहिलेलं, ‘अकरा शहाणे’. पहिलाच चेहरा बाबूचा.

बाई: तुम्ही काय म्हणालात?

बहीण: तोंडात पिना होत्या.

बाई: आणि काढल्यावर?

बहीण: काढल्यावर... विचारलं, बाही नीट बसली का.

बाई: ताई...

बहीण: नका काही बोलू. माझ्या भावाला ती हसली आणि मी तिची बाही सरळ करत बसले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. म्हणून सांगते, पुढे नको त्याला. मधे चालू दे. मधल्याचा कोणी फोटो काढत नाही.

बाई: त्याच्या पँटची कंबर वर्षभरात किती वेळा आत घेतलीत?

बहीण: हे काय मधेच?

बाई: सांगा ना. मापं तुम्हाला तोंडपाठ असतात.

बहीण: तीनदा. बेचाळीस होती, आता साडेअडतीस. डॉक्टरांनी साखरेची गोळी अर्धी केली. मी कुठे नाही म्हणतेय? चालण्यानं त्याचं भलंच झालंय. आधी दुकानात कोणी आलं की हा कपाटामागे. आता विचारतो, पाणी देऊ का? सगळं दिसतं मला, बाई. डोळे आहेत.

बाई: मग ऐका. उद्या पुन्हा तळ्यापर्यंत जायचंय आणि परत. राहिलेली फेरी. पाळी त्याचीच. मी ती दुसऱ्याला दिली तर तो भांडणार नाही. मान खाली घालून रांगेत उभा राहील, पहिल्या महिन्यात राहायचा तसा. बूट बघत. मला तो परत तसा बघवणार नाही. म्हणून शिट्टी घेऊन आलेय.

बहीण: आणि पुन्हा दिवा अडकला तर? पुन्हा पन्नास मिनिटं?

बाई: तेच त्याला विचारू. त्याला अजून कोणी विचारलेलंच नाही. मीसुद्धा नाही.

बहीण: येऊ दे तर खरं. त्याचंही काहीतरी चाललंय. सोमवारपासून रोज पाऊण तास उशीर. विचारलं की म्हणतो, काम होतं. काल लाँड्रीत फोन केला तर मुकादम म्हणाला, तो चारच्या ठोक्याला गेला. आज सोडत नाही मी त्याला... हा बघा, आलाच.

भाऊ: ताई, मी आलो. बाई? तुम्ही आज कशा? आज शुक्रवार. शनिवार उद्या.

बाई: तुलाच भेटायला आले, कप्तान.

बहीण: कप्तानबिप्तान नंतर. किती वाजले?

भाऊ: पाच वाजून दहा मिनिटं.

बहीण: चारला सुटतोस. चालत वीस मिनिटं. मधला वेळ कुठे असतोस?

भाऊ: कामाला.

बहीण: चादरींच्या घड्या चारला संपतात. मला शेंड्या लावू नकोस.

भाऊ: शेंडी नाही. दुसरं काम. चौकात.

बहीण: कुठल्या चौकात?

भाऊ: आजारी दिव्याच्या.

बहीण: एकटा? त्या मोठ्या रस्त्याला? अरे, माझा जीव घ्यायचा ठरवलायस का तू!

भाऊ: ताई, मी ओलांडला नाही. पोलीस ह्याच बाजूला असतो.

बाई: पोलिसाकडे काय काम होतं?

भाऊ: सोमवारी पोलीस नव्हता. मंगळवारी होता. मी म्हणालो, साहेब, दिवा आजारी आहे. ते म्हणाले, माहीत आहे, तीन आठवडे झाले. मी म्हणालो, मग औषध द्या. ते हसले. मी हसलो नाही. मी तिथेच उभा राहिलो. मला उभं राहता येतं.

बाई: ते माहितेय आम्हाला. मग?

भाऊ: मग ते म्हणाले, लिहून दे, मी पुढे देतो. बुधवारी कागद नेला. ताईच्या मापांच्या वहीतला. सॉरी, ताई.

बहीण: तो तू फाडलास होय! मी दोन दिवस उंदराच्या नावानं शंख करतेय.

भाऊ: उंदीर मी होतो.

बाई: काय लिहिलंस रे कागदावर?

भाऊ: दिवा लाल आहे. हिरवा होत नाही. आम्ही थांबलो. मावशीचे गुडघे दुखले. दिवा बरा करा. खाली माझं नाव. काल एक माणूस शिडी घेऊन आला. आज दिवा बरा झाला. मी पाच वेळा बघितलं. लाल, हिरवा. लाल, हिरवा. म्हणून उशीर.

बहीण: तीन आठवडे...

बाई: काय म्हणालात?

बहीण: काही नाही. मीसुद्धा तिथूनच जाते, दोरे आणायला. रोज. लालमधूनच. एकदाही मनात आलं नाही कोणाला सांगावं.

भाऊ: ताई, तू भिंतीतून जातेस?

बहीण: जाते रे. घाईत असते.

भाऊ: जाऊ नकोस.

बहीण: बरं. नाही जाणार. पण मला हे सांग, उद्या परत आजारी पडला तर?

भाऊ: मोजायचं. साहेब म्हणाले, दीड मिनिटात हिरवा होतो. मी शंभर मोजणार, दोनदा. नाही झाला तर दिवा आजारी. मग मागे वळायचं आणि शाळेजवळच्या दिव्यानं जायचं. तिकडून लांब पडतं. पण बाक आहे. मावशीला बसता येतं.

बाई: झालं तुमचं समाधान?

बहीण: शंभर येतात का त्याला?

भाऊ: येतात. एकोणवाले मी सोडतो. ते मला आवडत नाहीत. एकोणीस, एकोणतीस. ते घसरतात.

बाई: शंभरात आठ कमी. दिव्याला काय कळतंय!

बहीण: बाबू, इकडे ये. बस. त्या दिवशीचा व्हिडिओ बघितलास तू?

भाऊ: हो. लाँड्रीत सगळ्यांनी दाखवला. हसले.

बहीण: मग?

भाऊ: मला वाईट वाटलं. मावशीला न विचारता काढला. आणि अकरा लिहिलं. बाई धरून आम्ही बारा होतो.

बहीण: मलाही एकीनं दाखवला. इथेच, दुकानात. आणि मी... मी तिला सांगितलं नाही की तू माझा भाऊ आहेस.

भाऊ: का?

बहीण: लाज वाटली. तुझी नव्हे, तिची... नाही, खोटं कशाला बोलू? तुझीच वाटली. त्या वेळी तुझीच वाटली, बाबू.

बाई: मी बाहेर थांबते हवं तर.

भाऊ: नको. ताई, ती परत आली की सांग तिला.

बहीण: तिचं फिटिंग झालं. आता कधी येते कोण जाणे.

भाऊ: मग दुसऱ्या कोणाला सांग.

बहीण: सांगेन. आता रडवू नकोस मला. बाई, द्या ती शिट्टी. मला द्या, त्याला नको. ही दोरी बघा, केवढी लांब! चालताना पोटावर आपटत असेल. आता पोटही राहिलं नाही म्हणा. थांब, हलू नकोस. चार बोटं कमी करते.

भाऊ: ताई, तू पण ये उद्या.

बहीण: मी? माझ्या दुकानाचं काय?

भाऊ: दुकान दहाला उघडतं. चालणं सातला.

बाई: बिनतोड आहे, ताई.

भाऊ: नवीन माणूस शेवटी. बाईंच्या पुढे. बोलायचं नाही.

(शनिवार, सकाळ. तोच चौक. चालणाऱ्यांचा दिवा लाल.)

भाऊ: सगळे थांबा. लाल. मी मोजतोय. एक, दोन, तीन...

बहीण: बाई, आपण आलो तेव्हापासून लालच आहे का हो हा?

बाई: आत्ता तर आलो. शेपटानं बोलायचं नाही.

बहीण: मी शेपूट नाही, शेपटाच्या पुढची आहे. ती माणसं बघा, बिनधास्त चाललीत मधून. आपल्याकडे बघत बघत.

बाई: बघू दे.

भाऊ: ...छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट...

बहीण: घसरणारा सोडला त्यानं. बाई, तो बघा. तो पलीकडचा, मोबाईल काढतोय.

बाई: ताई, शांत राहा. ताई, रांग सोडू नका!

बहीण: ओ! ओ साहेब! हो, तुम्हालाच. मोबाईल खाली घ्या आधी. काय बघताय? तो पुढे टोपीवाला आहे ना, तो माझा भाऊ आहे. सख्खा भाऊ. तीन आठवडे हा दिवा बंद होता, तुम्ही रोज इथूनच जात असाल. कोणी सांगितलं? त्यानं सांगितलं. फोटो काढायचा असेल तर जाऊन विचारा त्याला. हो म्हणाला तर काढा. आणि बारा नव्हे, आज तेरा आहोत आम्ही, मोजून घ्या!

बाई: गेला तो. या आता मागे. अहो, तिकडे पुढे कुठे निघालात?

बहीण: नुसती त्याच्याजवळ उभी राहते हो. रस्ता मोठा आहे.

भाऊ: ...पंच्याहत्तर, शहात्तर. ताई, तू पुढे आलीस.

बहीण: पुढे नाही रे. शेजारी. तू मोज.

भाऊ: सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर... ताई, हिरवा.

बहीण: दिसला. झाला हो हिरवा! चल.

भाऊ: असं नाही जायचं. आधी शिट्टी वाजवायची. मग सगळे निघतात.

बहीण: मग वाजव ना. थांबलास कशाला?

भाऊ: हात सोड, ताई. शिट्टी ह्याच हातात आहे.