चंद्रभागाबाईचे दोन भागीदार

शिवहार : म्हंजे तुझ्या हाटेलात अजून एक भागीदार हाय, हे तू मला आज सांगून राहिलीस, मावशी?

चंद्रभागाबाई : काल सांगितलं असतं तर तू आला नसतास.

शिवहार : कोण हाय तो?

चंद्रभागाबाई : येऊनच राहिलाय. बस तवर. रस्सा देऊ का वाटीभर?

शिवहार : रस्सा मंग. आधी नाव सांग. हिंगोलीचा तो हळदीचा अडत्या असंल तर मी आत्ताच उठतो. त्याला इथं एसी लावायचा हाय, आन दारात माझा फोटो.

चंद्रभागाबाई : फोटोला एवढं काय भ्यायचं?

शिवहार : खेळणं सोडलं तवा पुण्यात एका जिमवाल्यानं मला भागीदार केलं. बारा फुटाचा फोटो लावला, मांडी थोपटतानाचा. दीड वर्षानं गेलो तर जिम बंद, तिथं चपलाचं दुकान. फोटो मात्र तसाच. लोकांना वाटत असंल, कबड्डी सोडून हा चपला विकून राहिला.

चंद्रभागाबाई : माझ्याकडं फोटोबिटो लागायचा न्हाई. वीस वर्सं लोक या पत्र्याच्या शेडात बसून धरणाचा मासा खाऊन राहिले, ते काय कोणाचं तोंड बघून? आता रस्ता रुंद होतो म्हणून शेड काढायला सांगितलं. दिवाळीपतोर मुदत हाय. घराजवळची जागा माझी, हाताची चव माझी. बांधकामाला पैसा तेवढा न्हाई. म्हणून तुला व्हय म्हणलं.

शिवहार : मंग मी हाय की. सहा हंगाम लीग खेळलो, थोडंफार गाठीला हाय. एकटा पुरतो मी तुझ्या हाटेलाला. दुसरा काहून पायजे?

चंद्रभागाबाई : एकाचा पैसा घेतला की तो मालक होतो. आज खुर्च्या बदल म्हणतो, उद्या मसाला बदल म्हणतो. दोघांचा घेतला की ते एकमेकावर नजर ठेवतात, आन हाटेल माझं राहतं.

शिवहार : हे तुला कोणी शिकवलं?

चंद्रभागाबाई : दोन दीर होते मला. तो बघ आला. फटफटी लिंबाखाली लावून राहिला.

शिवहार : मावशी, हा तर रामसिंग हाय.

चंद्रभागाबाई : व्हय. तांड्यावरचा रामसिंग. तुझ्यासारखाच, कबड्डीवाला.

शिवहार : तुला सगळं ठाऊक असून तू त्याला बोलावलंस?

चंद्रभागाबाई : ठाऊक हाय म्हणून तर दोघांना एकच येळ दिली. ये रे रामसिंग. चप्पल राहू दे, खाली ओल हाय.

रामसिंग : रामराम, मावशी. तुमी म्हणलात अकरा वाजता, म्हणून… हा इथं कसा?

चंद्रभागाबाई : हा दुसरा भागीदार.

रामसिंग : मग मी निघतो.

शिवहार : तू कशाला? मीच जातो. मी आधी आलो, आधी जातो.

चंद्रभागाबाई : जा. दोघं जा. पण ऐकून जा. मला दोघांचा पैसा पायजे, न्हाई तर एकाचाबी नको. दिवाळीला शेड काढीन आन परभणीला लेकीकडं जाऊन नातवंडं सांभाळीन. मला काही तकलीफ न्हाई. चहा टाकू का जाण्याआधी?

शिवहार : टाक.

रामसिंग : माझ्यात साखर कमी.

चंद्रभागाबाई : आता बसलात तर सांगा. जिल्हा म्हणतो, शिवानं रामसिंगचा गुडघा मोडला. मी काही मॅच बघितली न्हाई. काय झालतं?

शिवहार : त्यालाच इचार.

चंद्रभागाबाई : तू सांग. तुझं तोंड जास्त चालतं.

शिवहार : सांगण्यासारखं काय हाय त्यात? शाळेत असताना आमी जिल्ह्याच्या एका संघात होतो. एका ताटात जेवलो. पुढं लीगमदी तो एका टीमकडं, मी दुसऱ्या. सहा वर्सं झाली. जयपूरला मॅच होती. शेवटची तीन मिनिटं, आमी एका गुणानं पुढं. हा चढाईला आला. मी डाव्या कोपऱ्यात. यानं पाय टाकला, मी घोटा धरला. बाकीचे चौघं वर पडले. आन काडकन आवाज झाला. एवढ्या लोकांत तो आवाज मला ऐकू आला, मावशी. तेवढ्यावर याचं खेळणं संपलं.

चंद्रभागाबाई : मंग?

शिवहार : मंग काय. गावी आलो तर पोरं म्हणायची, आपल्याच माणसाला लंगडं केलं. पानटपरीवर गेलो की माणसं उठून जायची. मी दवाखान्यात याला बघायला गेलतो. यानं भिंतीकडं तोंड केलं. पुढं दोन हंगाम मी खेळलो, पण हाताला पकडच राहिली न्हाई. कोणाचाबी पाय हातात आला की बोटं आपोआप ढिली पडायची. शेवटी टीमनं घेतलंच न्हाई.

चंद्रभागाबाई : तू काय म्हणतोस, रामसिंग?

रामसिंग : चहा चांगला हाय.

चंद्रभागाबाई : ते मला ठाऊक हाय.

रामसिंग : तोंड भिंतीकडं केलं, कारण याच्याकडं बघवत नव्हतं.

शिवहार : राग होता ना. समजतं मला.

रामसिंग : राग नव्हता. गुडघा आधीच गेलता, शिवा.

शिवहार : काय?

रामसिंग : त्या मॅचच्या नऊ दिवस आधी, सरावात. पाय मुडपला. सुजला होता. डॉक्टरला सांगितलं न्हाई, टीमला सांगितलं न्हाई. पट्टी बांधली, गोळी खाल्ली आन उतरलो. तू धरला नसता तरी त्या रात्री न्हाई तर दुसऱ्या मॅचला तो जाणारच होता.

शिवहार : तू सहा वर्सं हे…

चंद्रभागाबाई : कप खाली ठेव, शिवा. सांडंल.

शिवहार : सहा वर्सं, रामसिंग.

रामसिंग : व्हय.

शिवहार : मी रोज झोपताना तो आवाज ऐकतो. बायको म्हणते, झोपेत तुझी बोटं हलतात. आन तू तांड्यावर बसून नुसतं…

रामसिंग : पहिल्या साली भीती होती. आधीची दुखापत लपवली म्हणून कळलं असतं तर टीमनं आपरेशनचा खर्च केला नसता. नंतर खर्चाचं भागलं, पण तवर लोकं तुला बोलून राहिली होती. आता कोणत्या तोंडानं सांगावं? एकदा तुझ्या गावाच्या फाट्यापतोर आलो. तिथूनच माघारी फिरलो.

चंद्रभागाबाई : कुठं निघालास, शिवा?

शिवहार : बाहीर. हितंच हाय.

चंद्रभागाबाई : जाऊ दे त्याला. धरणाकडं बघंल जरा. रामसिंग, तू आज हे सांगायचं ठरवून आलतास का?

रामसिंग : न्हाई, मावशी. मी पैशाचं बोलायला आलतो. हा इथं असंल हे तुमी कुठं सांगितलं?

चंद्रभागाबाई : सांगितलं असतं तर तूबी आला नसतास.

रामसिंग : बराबर हाय.

चंद्रभागाबाई : लई वंगाळ केलंस, बाबा.

रामसिंग : मालूम हाय. आला बघा तो.

शिवहार : ए रामसिंग. एक खरं सांग.

रामसिंग : इचार.

शिवहार : माझी पकड कशी होती?

रामसिंग : कोणती?

शिवहार : तीच. जयपूरची.

रामसिंग : सफा पकड होती. घोटा तुझ्या हातात जाईपतोर तुझं ध्यान माझ्या पायावर हाय हे मला कळलंच न्हाई. मी देशातल्या सगळ्या कोपऱ्यातल्या गड्यांसमोर चढाया केल्या. तसा घोटा कोणीच धरला न्हाई.

शिवहार : मंग मूर्खा, एवढं तरी सांगायचं होतंस. दोन हंगाम मी ढिल्या हातानं खेळलो.

रामसिंग : चुकलं माझं, शिवा.

शिवहार : हसू का रडू तेच कळंना मला.

चंद्रभागाबाई : रडून झालेलं दिसतंय, डोळे लाल हाईत. आता हसलास तरी चालंल.

शिवहार : मावशी, मी भागीदार व्हायला तयार हाय. पण माझी एक अट हाय. यानं हे सगळ्यांना सांगायचं. मला एकट्याला सांगून भागायचं न्हाई.

रामसिंग : सांगतो. ज्यांना ज्यांना त्या मॅचचं ठाऊक हाय, त्या सगळ्यांना.

शिवहार : म्हंजे सगळ्या जिल्ह्याला सांगावं लागंल.

रामसिंग : सांगतो.

चंद्रभागाबाई : झालं? मंग आता कामाचं बोला. नुसता पैसा टाकून खुर्चीवर बसणारा भागीदार मला नको. शिवा, तुला काय येतं?

शिवहार : बोलता येतं.

चंद्रभागाबाई : ते दिसलं. गिऱ्हाइकाकडं तू बघ. बायामाणसांना, लेकराबाळांना घेऊन आलेल्यांना नीट बसव. औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन करून इकडं धरण बघायला येतात, ते शाकाहारी असले तर त्यांना पिठलं-भाकर हाय हे आधी सांग, मासा पुढं करू नको. रामसिंग, तू?

रामसिंग : मला रांधता येतं.

शिवहार : तुला? शाळेच्या शिबिरात यानं भात जाळलेला, मावशी. पातेलं फेकून द्यावं लागलं.

रामसिंग : आपरेशननंतर सात महिने पुण्याला एका खोलीत होतो. उभं राहायचा सराव करायला डॉक्टरनं सांगितलं. नुसतं काय उभं राहायचं, म्हणून गॅसपुढं उभा राहिलो. मरळ साफ करता येते मला.

चंद्रभागाबाई : मरळ? हातातून निसटते ती.

रामसिंग : राख लावून धरायची.

चंद्रभागाबाई : राख लावून धरतो म्हणतो हा. हे तुला पुण्यात कोणी सांगितलं?

रामसिंग : हे आईनं सांगितलं. फोनवर.

चंद्रभागाबाई : शिवा, हा मला तुझ्यापेक्षा जास्त कामाचा वाटून राहिला.

शिवहार : आत्ताच? अजून भिंतसुद्धा उभी राहिली न्हाई, आन मी मागं पडलो.

(दिवाळीनंतरचा रविवार. चंद्रभागाबाईच्या घराशेजारी बांधलेल्या नव्या हॉटेलाचा पहिला दिवस. दुपारचे तीन. पंगती आताच आटोपल्या आहेत.)

शिवहार : मावशी, भाकरी संपल्या. आता कोणी आलं तर काय करायचं?

चंद्रभागाबाई : कोणी येऊ नये म्हणून दार अर्धं लाव. चार बाया थापून राहिल्या होत्या, तरी पुरल्या न्हाईत. वीस वर्सांत मी एवढी माणसं एका दिवसात बघितली न्हाईत.

शिवहार : त्यातली निम्मी मासा खायला आलीच नव्हती. रामसिंग काय सांगतो ते ऐकायला आलती.

चंद्रभागाबाई : व्हय, चुलीपाशी पायजे तो माणूस सारखा टेबलापाशी दिसून राहिला होता.

शिवहार : प्रत्येक टेबलापाशी गेला. ताट वाढायचा आन उभ्या उभ्या सांगायचा, शिवाची काही चूक नव्हती, गुडघा माझा आधीच गेलता. एका टेबलावर नांदेडचं कुटुंब होतं, त्यांना कबड्डीतलं काहीबी ठाऊक न्हाई. त्यांनाबी सांगितलं. ती बाई म्हणली, बरं, बरं, पण भाऊ, जरा लिंबू द्या.

चंद्रभागाबाई : मंग दिलं का लिंबू?

शिवहार : मी दिलं. याचं सांगणं संपलं नव्हतं. मी त्याला म्हणलं, बस कर आता, रश्शापेक्षा मलाच जास्त वाढून राहिलास.

चंद्रभागाबाई : कबूल केलतं त्यानं. करू दे. पण आता कुठं गेला तो? कढई तशीच पडली हाय.

शिवहार : बाहीर गेला असंल. मावशी, बाबा आले हाईत.

चंद्रभागाबाई : सटवाजी? कवा? आत काहून आले न्हाईत?

शिवहार : बारा वाजल्यापासून तिकडं बाभळीखाली बसून हाईत, मेंढरं घेऊन. मी दोनदा बोलवायला गेलो. मेंढरं सोडून कसं येऊ म्हणतात.

चंद्रभागाबाई : मेंढरांचं निमित्त हाय ते.

शिवहार : व्हय. मला लोकं बोलली त्यापेक्षा बाबांना जास्त बोलली. तांड्यावरची माणसं बाबांची बकरं घ्यायची न्हाईत. सहा वर्सं बाबा औंढ्याचा बाजार सोडून पार हिंगोलीला पायी जात होते. मला एका शब्दानं बोलले न्हाईत कवा. दिवाळीत मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ऐकून घेतलं, उठले आन मेंढरांना पाणी पाजायला गेले.

चंद्रभागाबाई : त्यांना ताट नेऊन दिलंस का?

शिवहार : दोन्ही येळा नेलं. भूक न्हाई म्हणले. भाकरी तर आता संपल्यासुद्धा.

चंद्रभागाबाई : दोन मी झाकून ठेवल्या होत्या, तुमच्या दोघांसाठी. टोपलीत बघ.

शिवहार : टोपली रिकामी हाय.

चंद्रभागाबाई : आन मरळीचं कालवण ठेवलं होतं, ते?

शिवहार : तेबी न्हाई. मावशी, रामसिंग बाभळीकडं गेला काय?

चंद्रभागाबाई : खिडकीतून बघ की.

शिवहार : बाभळ दिसत न्हाई इथून. नुसती मेंढरं दिसून राहिली. मी जाऊन येतो.

चंद्रभागाबाई : जाऊ नको.

शिवहार : बाबा त्याला काही बोलले तर?

चंद्रभागाबाई : बोलू दे. त्यांचा हक हाय. तू बस. तांदळाच्या कण्या टाकते तुझ्यासाठी, खा मुकाट्यानं.

शिवहार : अर्धा तास झाला, मावशी.

चंद्रभागाबाई : दहा मिनिटं झाली. आला बघ तो.

रामसिंग : मावशी, ताट धुवायला कुठं ठेवू?

चंद्रभागाबाई : मोरीत ठेव. रिकामं दिसतंय.

रामसिंग : दोन्ही भाकरी खाल्ल्या. कालवण तिखट हाय म्हणले, पण पुसून खाल्लं.

शिवहार : तू सांगितलंस त्यांना?

रामसिंग : सांगितलं. पहिल्यापासून सगळं.

शिवहार : काय म्हणले?

रामसिंग : उन्हात उभा होतो मी. ते जरा सरकले, आन सावलीत मला जागा केली.