वरचं बटण

दवाखान्यात तपासून झालेली चिमुरडी शर्टाची बटणं लावत होती. तिच्या आईने घाईने हात पुढे केला, तशा मुलांना तपासायला घेऊन आलेल्या शेजारच्या पाळणाघराच्या मावशी बोलल्या. वजनं लिहिता लिहिता नर्सबाईंनी कान टवकारले.

"अगं, लावू दे तिचं तिला. वाकडी का होईनात!"

"मावशी, ऑफिस गाठायचंय हो मला."

"मग दहा मिनिटं लवकर उठवत जा. फक्त वरचं एक आपल्याला ठेवायचं."

"ते का?"

"माझा लेक ठेवायचा. बाकीची स्वतः लावायचा, मग मान वर करून म्हणायचा, हे तुझं."

"आता कुठे असतो?"

"लांब. सहा वर्षं झाली. फोनवर दिसतो, तेव्हा वरचं उघडंच. परवा म्हटलं, लाव रे, थंडी आहे तिकडे."

"मग?"

"म्हणाला, ते तुझं आहे ना?"