आभाळ हेडविगचं

हेडविग : बाबा, कोट चढवा ना. ऑस्टरमानसाहेब जिन्यात आलेत.

लेबरेख्ट : येऊ देत. माझी चित्रं बघायला काय पहिल्यांदा येतंय कुणी? इटलीहून परतलो, तेव्हा निम्मं ड्रेस्डेन लोटलं होतं या जिन्यावर.

हेडविग : त्याला तीस वर्षं झाली. हे संग्रहालयासाठी चित्र निवडणार आहेत. बाबा, एक सांगायचं राहिलंय...

लेबरेख्ट : नंतर. चित्र माझं, आणि धडधड तुला?

ऑस्टरमान : येऊ का, वांडकेसाहेब? अरे वा, एल्बे नदीचं खोरं! आणि हे आभाळ! स्पष्ट बोलतो, अलीकडची तुमची आभाळं गढूळ, पिवळट असायची. संग्रहालयाच्या समितीत म्हणायचे, म्हातारा संपला. हे मात्र कसं स्वच्छ निळं!

लेबरेख्ट : निळं? मला तर...

हेडविग : कॉफी आणू, साहेब?

लेबरेख्ट : कॉफी राहू दे. हेडविग, आभाळाला हात कुणी लावला?

हेडविग : मी. तुम्ही चर्चला गेलात की रंगवायचे. मोतीबिंदू झालाय तुम्हाला, बाबा. रंग पिवळे दिसतात तुम्हाला. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

ऑस्टरमान : हे मी ऐकलंच नाही. सही वांडकेंची, चित्र वांडकेंचं. उद्या माणसं पाठवतो.

लेबरेख्ट : थांबा. डोंगर आणि नदी माझी, आभाळ हिचं. खाली दोन नावं येतील.

ऑस्टरमान : मुलीचं नाव? समिती दारातूनच परत पाठवेल. पुन्हा नाही यायची अशी संधी, वांडकेसाहेब. विचार करा.

लेबरेख्ट : केला. गिरणीवाल्याचा पोरगा मी. माझ्या पहिल्या चित्रावर माझ्या गुरूंनी स्वतःचं नाव घातलं होतं. तेच मी आता हिच्याशी करू?

ऑस्टरमान : मग माझा नाइलाज आहे. येतो.

हेडविग : गेले! बाबा, गप्प राहायचं होतं हो! जन्मभर वाट बघितलीत संग्रहालयाच्या त्या भिंतीची.

लेबरेख्ट : बघितली. आणि तुझ्यावर रागावलोयही. चोरून केलंस.

हेडविग : हो.

लेबरेख्ट : बारीक ब्रश घे. माझ्या नावाशेजारी तुझं घाल.

हेडविग : आत्ताच, बाबा?

लेबरेख्ट : घाई नाही. आधी इथे खिडकीशी ये. आत्ता बाहेर आभाळ कसं आहे, ते मला सावकाश सांग.