जीभ तेवढी राहिली

...नाही, पण मला एक सांगा, ही दाराजवळची रांगच आधी कशी काय भरते हो? पुढे इतक्या खुर्च्या रिकाम्या, आणि तुम्ही डॉक्टर मंडळी मागे एकमेकांच्या मांडीवर! बसा, बसा. मीही तिथंच बसायचो. गेल्या वर्षी हेच शिबिर, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं, हाच हॉल, हाच खरखरणारा माइक... आलो, सर्टिफिकेटपुरती सही ठोकली आणि दहाव्या मिनिटाला पसार! सव्वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय, मला काय तोंड शिकवताय? पण सही केली होती बरं का!

आठच दिवसांनी आमचा दादा आला. सख्खा, थोरला. म्हणतो, "अरे, जिभेला कडेला काहीतरी टोचतंय. दाढ बघ जरा." मी दाढ बघितली! तुम्हाला सांगतो, इतकी मन लावून बघितली... एक कोपरा धारदार लागला, घासून गुळगुळीत केला, मलम दिलं. महिन्याने परत, "अजून टोचतंय रे." पुन्हा घासली! तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणे कानातही ठणकतंय. मी म्हटलं, "दादा, कान माझ्या खात्यात येत नाही!" हसलो की आम्ही दोघंही. वहिनी नाही हसली. म्हणाली, "भावजी, एकदा जीभ तरी बघा." त्यावर मी काय म्हणावं? "बोलून बोलून झिजली असेल, वहिनी!"

अहो, गॉजचा तुकडा घ्यायचा, जिभेचं टोक धरायचं, बाजूला ओढून कड बघायची, बोट फिरवायचं, मान चाचपायची. दोन मिनिटं! आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम सरळ पुढे पाठवायची. हे गेल्या वर्षी इथं शिकवणाऱ्या बाई अकराव्या मिनिटाला सांगत होत्या म्हणे. मी तेव्हा गाडी काढत होतो. सही मात्र केली होती!

शेवटी वहिनीच त्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली, मी आपला मागोमाग. सर्जनने विचारलं, "याआधी कुणाला दाखवलं होतं?" आणि दादा, माझ्या तोंडावर, "कुणालाच नाही." मला वाचवलं हो त्याने! चार शिव्या द्यायच्या, चारचौघांत काढायची माझी... ते नाही. मग अर्धी जीभ काढली त्याची.

हल्ली रोज माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर येऊन बसतो. शब्द अडखळतात, तरी येईल त्या पेशंटला धरून बजावतो, "आत गेलास की आधी जीभ काढ. तो आपणहून नाही बघायचा." त्यामुळे लोक खुर्चीत बसायच्या आधीच जीभ बाहेर काढून उभे! परवा तर कुरिअरवालाही! मी काय करणार? बघतो. सगळ्यांच्या बघतो, मान चाचपतो, कुणाला सोडत नाही. फक्त दादाची तेवढी बघवत नाही मला... ती दाखवायला तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.