शिक्का मीच मारला

मी जन्मले ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, आणि लग्न होऊन गेले ती चार घरं सोडून, म्हंजे माहेर नि सासर एकाच हाकेवर, रुसून जायची पण सोय नाय. बाची होडी, आय बाजारात. पाचवी झाली तशी आय बोलली, बास आता, सही येते ना, मंग चल. काय सांगू तुमाला, आमच्यात सून बघायला गेलं तर रंगरूप नंतर, पहिलं इचारतात, पोरगी कामाला कशी हाय? मला बघायला आले तेव्हा सासूनं भरलेली पाटी उचलायला लावली. हसू नका, खरं सांगते. कामाची बाई ती चांगली बाई, आमच्याकडं दुसरा दाखलाच नाय.

तर सुके बोंबील हा माजा धंदा. वाळूत बांबू ठोकून दोऱ्या ताणायच्या, त्याला आमी वलांडी बोलतो, नि दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे. दात असे बारीक नि धारदार असतात मेल्यांचे, नवीन बाईची बोटं दोन दिवसांत फाटतात, तिसऱ्या दिवशी बाई येतच नाय. जरीना आली. चौथ्या दिवशी पण आली, बोटांना चिंध्या बांधून.

ती काबूलची. तिकडं शाळेत मास्तरीण होती. राज्य पालटलं, नवऱ्याला उचलून नेला तो परत आलाच नाय, मंग ही आठ वर्सांची पोरगी घेऊन इकडं, आमच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत. दर्या कधी बघितला नव्हता बाईनं, म्हावऱ्याच्या वासानं ओकायची. पण तिनं लपवलं नाय हां माज्यापासून काय. पहिल्याच दिवशी हिंदीत बोलली, दीदी, मी इकडं आसरा मिळावा म्हणून अर्ज केलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत मला पगाराचं काम करायची परवानगी नाय. मी तर हसलेच. बोलले, अगं बाय, चोरी करायची परवानगी नसते, कामाला कसली परवानगी? मंग खातेस काय, हवा? ती बोलली, ते अर्ज घेणाऱ्या साहेबांनी पण इचारलं, मी लिहून दिलंय की दुबईचा भाऊ पाठवतो. भाऊ होता खरा, पण त्याचंच त्याला पुरत नव्हतं.

तीन वर्सं होती माज्याकडं. सहा महिन्यांत माज्या जुन्या बायांना मागं टाकलं तिनं. गिऱ्हाइकाला आमच्याच बोलीत बोलायची, घे गं, करकरीत हाय, आणि आमी सगळ्या पोट धरून हसायचो. पोरगी म्युनिसिपालटीच्या शाळेत, धडाधड मराठी बोलते, माज्याशी भांडते.

मंग तिला त्या अर्जाच्या मुलाखतीला हापिसात बोलावणं आलं. मी बोलले, एकटी नको जाऊ, मी येते. आणि मला काय अक्कल सुचली बघा. आमची मच्छीवाल्या बायांची संस्था हाय, मी अध्यक्ष. भाचीला बसवली नि बोलले, लिव इंग्लिशमधी, ही बाई तीन वर्सं माज्याकडं कामाला हाय, एक खाडा नाय, चोरी नाय, लबाडी नाय, अशी बाई देशात ठेवा. भाची बोलली, आत्या, तिला आधी दाखवूया का? मी बोलले, नको, तिकडंच कळू दे, खूश होईल. सही केली, शिक्का मारला. नियम माज्या ध्यानात नव्हता असं नाय, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, एवढं काम बघून माणूस विरघळंल.

साहेब आपलाच मराठी पोरगा, बोलायला गोड. मी पुढं होऊन कागद दिला. त्यानं वाचला, परत वाचला, नि हळूच बोलला, मावशी, हा द्यायचाच आहे का? नक्की? मी अजून फायलीला लावलेला नाही. आता कळतं मला, तो आमाला वाचवत होता गं. तेव्हा वाटलं, मला अडाणी समजतो. बोलले, द्यायचाच म्हंजे? शिक्का दिसत नाय का तुला? मंग त्यानं कागद जरीनापुढं सरकवला. तिला इंग्लिश येतं. वाचला नि पांढरी पडली. बाहेर आलो तशी जिन्यातच बसली नि बोलली, दीदी, मी लिहून दिलं होतं, काम करत नाही म्हणून.

तिचा इकडं राहायचा कागद दर वर्साला वाढवतात, तो वाढवून मिळाला नाय. तिच्याकडं खुलासा मागितला, तिनं दिला, फाईल वर गेली. मी दोनदा जाऊन पाया पडले, साहेब, मीच खोटं लिवलं, ती कामाला नव्हतीच. तो बोलला, मावशी, शिक्का तुमचाच ना? तिची वकीलबाई बोलते थांबा. वरून हो पण नाय नि नाही पण नाय. नाही आलं तर जायचं कुठं तिनं? पोरगी सहावीत हाय, तिकडं सहावीच्या पुढं पोरींना शाळा नाय.

तिचं काम बंद केलंय, मी डबा पाठवते. फुकटचं तिच्या घशाखाली उतरत नाय, दिसतं मला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण अजून दीदीच बोलते. दुपारची येते, वलांडीजवळ बसते. परवा वाऱ्यानं बोंबील खाली पडले, ती सवयीनं उठली, नि मी वरडले, बस, हात लावू नको, कोण बघंल! ती बसली. मला मेलीला रडू आलं.

आई एकवीरा तिचं नि तिच्या पोरीचं बरं करो, माज्या हातात दुसरं काय ऱ्हायलं नाय. आणि बाय, तुमी हे लिवताय ना, तिचं खरं नाव मी सांगितलेलं नाय, तुमी शोधायला पण जाऊ नका. ती कशी चांगली हाय ते मी एकदा कागदावर लिवून बसलेय.